मिरिन गोड आणि नितळ कशी करावी: उतावळ्या उमेदवारांसाठी

हे मार्गदर्शन सुरू करण्यापूर्वी घरातली मिरिनची, म्हणजे जपानी स्वयंपाकात घालतात त्या गोड द्रवाची, बाटली आणा आणि तिच्या पाठीवरचा बारीक मजकूर वाचा. ग्लुकोज सिरप, पाणी, थोडं व्हिनेगर, मद्यार्क एक टक्क्याच्या आत, असं काही आढळलं तर अभिनंदन, तुमचं काम संपलं. ही मिरिन-फू, म्हणजे मिरिनची नक्कल करणारा पाक. तो कारखान्यातून निघतानाच गोड आणि नितळ असतो, एन्झाइमला करण्यासारखं त्यात काही उरलेलं नसतं. आपल्याकडच्या दुकानांत बहुतेक हाच मिळतो. तेरियाकीपुरता तो निभावून नेतो. संध्याकाळी ज्यांच्याकडे पाहुणे यायचे आहेत त्यांनी इथूनच मागे फिरावं.

आता उरलेल्यांसाठी. खरी मिरिन, जिला जपानात होन-मिरिन म्हणतात, ती चक्क दारू आहे. मद्यार्क साधारण 14 टक्के, साखर 40 ते 50 टक्के. जुन्या पद्धतीच्या मिरिनमध्ये यातली चिमूटभरही साखर बाहेरून घातलेली नसते. चिकट तांदूळ, साध्या तांदळावर वाढवलेली कोजी नावाची बुरशी आणि शोचू ही गाळीव दारू, एवढंच साहित्य. साखर तांदळातून येते आणि ती काढण्याचं काम बुरशीची एन्झाइम करतात. शाळेच्या पुस्तकात ज्यांना विकरं म्हणायचे तीच ही.

‘मग घरीच करू की!’ हा विचार तुमच्या मनात आला असेल. तो काढून टाका. जपानात घरच्या घरी शोचूमध्ये उमे फळं मुरवून उमेशू करायला कायद्याने मुभा आहे, मात्र त्याच शोचूत तांदूळ किंवा कोजी टाकली की तो गुन्हा होतो. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग दोन्ही हजर आहेत, आणि ‘साहेब, ही प्यायची नाही, भाजीत घालायची आहे’ या खुलाशावर कोणी तुम्हाला चहा पाजून घरी पाठवेल असं वाटत नाही. म्हणून यापुढचं सगळं ‘समजा’ या एका शब्दावर उभं आहे.

समजा, तुम्हाला आइची प्रांतातल्या हेकिनान शहरात एका कारखान्यात उमेदवारीला ठेवून घेतलं आहे. हा मिकावा म्हणून ओळखला जाणारा मुलूख, मिरिनसाठी नावाजलेला. कोकोनोए हा इथला कारखाना 1772 पासून मिरिनच करतो आहे. तुमचा कारखाना काल्पनिक आहे, त्यामुळे त्याचं साल विचारू नका. तिथल्या मुख्य कारागिराला तोजी म्हणतात. त्यांच्यासमोर कमरेत वाका, आणि गोडी-नितळपणा वाढवायला खिशात लपवून आणलेल्या एन्झाइमच्या पुड्या बाहेर काढू नका. निदान पहिल्या दिवशी तरी नाही.

तांदूळ निवडणे

पहिली चूक इथेच होते. चिकट तांदूळ म्हटल्यावर मराठी उमेदवाराला इंद्रायणी आठवतो. भात मऊ होतो, शितं एकमेकांना धरून राहतात, वासही छान येतो. पण इंद्रायणी या अर्थाने चिकट नव्हे. फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणा. इंद्रायणीचा दाणा दोन भाग करून तुटलेल्या बाजूवर एक थेंब टाका: निळा-काळा डाग, शाळेत बटाट्यावर पाहिला होता तसाच. आता तोजींच्या पोत्यातला मोचीगोमेचा, म्हणजे खऱ्या चिकट तांदळाचा, दाणा घ्या. तो आधीच दुधासारखा पांढरा, अपारदर्शक दिसतो. त्यावर थेंब टाका. निळं काही होणार नाही, लालसर तपकिरी डाग पडेल. उमेदवार इथे आयोडीन जुनं झालंय असं म्हणून बाटली परत करायला निघतो. आयोडीनची तक्रार करू नका. निळा रंग येतो तो अमायलोज या सरळ साखळीच्या स्टार्चमुळे, आणि मोचीगोमेमध्ये ते जवळजवळ नसतंच. त्यात असतं फांद्याफांद्यांचं अमायलोपेक्टिन.

याचा गोडीशी संबंध असा की साध्या तांदळाचा भात निवल्यावर ताठरतो, कारण अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट बसतात. सकाळच्या भाताचा रात्री फोडणीचा भात मोकळा होतो तो याच कृपेने. मद्यार्कात तर हे ताठरणं आणखी वाढतं. अशा दाण्यात एन्झाइमला शिरकाव मिळत नाही, आणि तुमची साखर दाण्यातच अडकून पडते. मोचीगोमे मऊ राहतो. म्हणून एन्झाइम कुठलं घ्यावं या प्रश्नाच्या आधी ‘तांदूळ कुठला?’ हा प्रश्न येतो. तो चुकला तर पुढे पुड्या ओतूनही फारसं काही हाती लागणार नाही.

आयोडीन लावलेले दाणे फेकून द्या. तोजींच्या पोत्यात परत टाकू नका.

गोडी वाढवणे

आता पुड्या काढा. तुमच्याकडे अल्फा-अमायलेज असेल आणि ग्लुकोअमायलेज असेल. स्टार्च म्हणजे ग्लुकोजचा गजरा मानला, तर अल्फा-अमायलेज हा गजरा मध्येच कुठेही तोडणारा दांडगोबा आणि ग्लुकोअमायलेज म्हणजे टोकाला बसून एकेक फूल काढणारी आजी. दांडगोबाने तुकडे केले की टोकं वाढतात आणि आजीचं काम सोपं होतं. एकट्या दांडगोबाच्या भरवशावर राहिलात तर दाण्याचं पाणी होईल, गोडी मात्र यथातथाच. कोजीत ही दोघं आहेत, आणि तिसरंही एक एन्झाइम आहे, ट्रान्सग्लुकोसिडेज. हे उलटं काम करतं. सुटं झालेलं ग्लुकोज उचलून पुन्हा दुसऱ्या ग्लुकोजला वेगळ्या पद्धतीने जोडतं, आणि त्यातून आयसोमाल्टोजसारख्या शर्करा तयार होतात. तोडलेलं पुन्हा जोडत बसणारा हा कामगार उमेदवाराला वाया गेलेला वाटतो. त्याला नावं ठेवू नका, थोड्या वेळात त्याची गरज पडणार आहे.

समजा, तुमची पुडी बघून तोजी हसत नाहीत. का हसतील? एन्झाइमच्या पुड्या जपानी दारूच्या धंद्याला नव्या नाहीत. उलट ही सगळी पुडीबाजी सुरू झाली तीच मुळात कोजीतून. ताकामिने जोकिची हे रसायनशास्त्रज्ञ, जन्म 1854, आईचं घराणं साके करणाऱ्यांचं. ते अमेरिकेत गेले, इलिनॉयमधल्या पिओरियात माल्टऐवजी कोजी वापरून व्हिस्की करायला निघाले. तो बेत फसला, पण कोजीतलं स्टार्च तोडणारं द्रव्य वेगळं काढून त्यांनी 1894 साली त्याचं पेटंट मिळवलं. ताका-डायस्टेज या नावाने ते पचनाचं औषध म्हणून पार्क-डेव्हिस कंपनीने विकलं. जपानी लेखक नात्सुमे सोसेकी यांच्या मांजराच्या कादंबरीतले पोटाचे तक्रारखोर मास्तर हेच औषध घेतात. आणि आपल्याकडे लग्नाच्या पंगतीनंतर पोट जड झालं की ज्या गोळ्या घेतल्या जातात, त्यांतल्या अनेकांच्या वेष्टनावर आजही ‘फंगल डायस्टेज’ छापलेलं असतं. म्हणजे मिरिन गोड करणारं द्रव्य तुमच्या फ्रिजवरच्या औषधांच्या डब्यात बऱ्याच वर्षांपासून पडून आहे.

इथे हुशार उमेदवाराच्या डोक्यात प्रकाश पडतो. अशा काही गोळ्यांत डायस्टेजच्या जोडीला सक्रिय कोळसाही असतो. दारू नितळ करायला, तिचा रंग आणि नकोसा वास काढायला कोळशातून गाळतात हे त्याने वाचलेलं असतं. डायस्टेज गोडीला, कोळसा नितळपणाला, मग दोन गोळ्या कुटून टाकल्या की झालं! झालं नाही. गोळीत पपेन असतं, वर साखरेचा लेप असतो, कधी पुदिन्याचा वास असतो, आणि तेवढ्याशा कोळशाने पिंप नितळ होण्याऐवजी पिंपात कोळसा दिसू लागतो. गोळी पोटासाठी आहे, पोटातच जाऊ द्या.

समजा, योग्य ग्लुकोअमायलेज, योग्य प्रमाणात, तुम्ही खरंच टाकलं. चव घ्या. गोड झाली? झाली असेल, पण एक गोष्ट लक्षात येईल की ही गोडी जिभेवर सपकन येते आणि तशीच निघून जाते. ग्लुकोज मुळात साध्या साखरेच्या सुमारे 70 टक्केच गोड. त्यात मिरिनची मजा एकट्या ग्लुकोजमध्ये नसते, सोबतच्या निरनिराळ्या शर्करांमध्ये आणि अमिनो आम्लांमध्ये असते. तुम्ही ग्लुकोअमायलेज सढळ हाताने ओतलं की सगळ्यांचं ग्लुकोज होऊन जातं. मग थंडीत आणखी एक गंमत होते. जास्तीचं ग्लुकोज बाटलीच्या तळाशी पांढरे खडे होऊन बसतं. म्हणजे गोडी वाढवण्याच्या नादात नितळपणा गेला, आणि गिऱ्हाईक ‘काचेचे तुकडे आहेत’ म्हणून बाटली परत घेऊन आलं. मघाचा तो तोडलेलं जोडत बसणारा कामगार इथे उपयोगी पडतो. ग्लुकोज थोडं कमी राहिलं तर खडे बसत नाहीत.

घाई करणे

मिरिनचा रांधा, म्हणजे शिजवलेला तांदूळ, कोजी आणि शोचू यांचं मिश्रण, 20 ते 30 अंश तापमानाला 40 ते 60 दिवस ठेवतात. हा आकडा ऐकून उमेदवाराचा चेहरा पडतो. त्याने वाचलेलं असतं की कोजीची अमायलेज 55-60 अंशांना सर्वांत जोमाने चालतात, आणि अमाझाके हे गोड पेय त्या तापमानाला एका रात्रीत होतं. मग मिरिनच का दोन महिने? तापवा की!

तापवा. समजा, तापवलीत. अमाझाकेत मद्यार्क नसतो, मिरिनच्या पिंपात तो पहिल्या दिवसापासून असतो. मद्यार्क आणि उष्णता एकत्र आली की एन्झाइमचा आकार मोडतो आणि ती कामातून जातात. वर शोचू महाग, तिची वाफ छपराला. बरं, मग मद्यार्कच नको, नंतर घालू? तेही जमत नाही. मद्यार्क नसला तर हवेतलं यीस्ट येऊन तुमची सगळी साखर खाऊन टाकेल, आणि तुमच्या हाती मिरिनऐवजी बिघडलेली साके येईल. यीस्टला दाराबाहेर ठेवायला मद्यार्क हवा, आणि मद्यार्क असल्यामुळे एन्झाइम रेंगाळणार. यातून वाट नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून आला तरी मुहूर्त दोन महिन्यांनीच.

या दिवसांत तुम्ही काय करायचं? अधूनमधून ढवळायचं आणि बाकीचे दिवस अंगण झाडायचं.

नितळ करणे

खरं कसब इथे लागतं, आणि पुड्या विकणाऱ्यांची सर्वांत जास्त चलती इथेच होते. पहिली पुडी जी हमखास गळ्यात मारली जाते ती पेक्टिनेजची. ‘वाईन क्लॅरिफायर’ असं तिच्यावर लिहिलेलं असतं, आणि ते खरंही असतं. द्राक्षाच्या रसातलं पेक्टिन तोडून तो नितळ करायला हे एन्झाइम जगभर वापरतात. फक्त मिरिन द्राक्षांची नसते. तांदळात पेक्टिन नावापुरतंच. तुमचं पेक्टिनेज पिंपात जाईल आणि काम न मिळालेल्या पाहुण्यासारखं इकडेतिकडे बघत बसेल.

गढूळपणा कशाचा आहे हे आधी शोधा. पिळून काढलेली मिरिन परीक्षानळीत घ्या, मागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं धूसर दिसली तर दोन-तीन थेंब बाजूला काढून आयोडीन घाला. लालसर झाक आली तर स्टार्चचे मोठे तुकडे अजून शिल्लक आहेत, म्हणजे तांदूळ नीट शिजलेला नाही किंवा अमायलेज कमी पडलं. असं असेल तर पुडीला थोडा वाव आहे. आयोडीनने काहीच झालं नाही तर दुसरी नळी गरम पाण्यात उभी करा. अक्षरं स्पष्ट दिसणारी नितळ मिरिनसुद्धा तापवून निवली की कधी कधी दुधी होते, जणू कोणी तिच्यात ताकाचा थेंब टाकला. हा प्रथिनांचा गढूळपणा. तांदळातून सुटलेली प्रथिनं असतातच, आणि त्यांच्या जोडीला खुद्द एन्झाइमही असतात, कारण तीही शेवटी प्रथिनंच. ज्यांनी दोन महिने राबून गोडी आणली, तीच उष्णतेने गोठून डोळ्यांना खुपू लागतात. तुम्ही आणखी अमायलेज ओतलं असेल तर आणखी प्रथिन ओतलंत, हे आता सांगून उपयोग नाही.

यावर प्रोटीएज हा उपाय आहे. प्रथिनाचे तुकडे करून हा दुधीपणा घालवणारी पूड साकेच्या धंद्यात वापरली जाते. बिअरवाले हेच काम पपईच्या चिकातल्या पपेनकडून करून घेतात, थंड केल्यावर बिअर गढूळ होऊ नये म्हणून. हे कळल्यावर नंदुरबारकडच्या उमेदवाराचे डोळे चमकतात, गावाकडे पपईला काय तोटा? मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा कीस लावतात, तसा इथे लावावा. लावू नका. प्रोटीएजने प्रथिन अर्धवट कापलं की मधल्या आकाराचे तुकडे उरतात, आणि त्यांतले बरेच कडू असतात. कोजीत हे कडू तुकडे टोकापासून कुरतडून टाकणारी वेगळी एन्झाइम आहेत. पपईच्या किसात तसं कोणी नाही. मग मिरिन नितळ होईल, गोडही असेल, आणि गिळल्यावर घशात कारल्याची आठवण राहील. त्यातून सगळं कुरतडून अमिनो आम्लं करून टाकली तरी ती ग्लुकोजशी मिळून हळूहळू मिरिनला तपकिरी करत जातात, ते निराळंच.

तेवढ्यात तोजी त्यांची स्वतःची बाटली काढतात. काकीशिबू. तुरट कच्च्या पर्सिमन फळांचा आंबवून मुरवलेला रस. कागदाला, छत्र्यांना लावतात तोच. झाकण उघडताच जो वास येतो त्याने एक पाऊल मागे जाल. हा रस आणि थोडं जिलेटिन मिरिनमध्ये घातलं की रसातलं टॅनिन प्रथिनांना पकडतं आणि दोघं मिळून कापसासारखे पुंजके होऊन खाली बसतात. वरची मिरिन अलगद काढून गाळायची. एन्झाइम इथे काहीच करत नाही. काकीशिबूचा वासही पुंजक्यांबरोबर खालीच राहतो. कडक शाकाहारी मंडळींनी मात्र जिलेटिनची चौकशी करून घ्यावी. तयार बाटलीच्या लेबलावर त्याचा उल्लेख असेलच असं नाही.

एक गफलत टाळा. नितळ म्हणजे फिकट नव्हे. काही कारखाने मिरिन वर्ष-दोन वर्षं मुरवतात, आणि ती चहाच्या रंगाची होते. चहाच्या रंगाची असूनही तिच्यातून वर्तमानपत्र वाचता येत असेल तर ती नितळच. फिकट मिरिनचा मान चिबा प्रांतातल्या नागारेयामाचा. 1814 साली तिथल्या होरिकिरी मोन्जिरो यांनी शिरो-मिरिन, म्हणजे गोरी मिरिन, काढली असं तिथे सांगतात. एदो नदीतून ती होड्यांनी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, जायची आणि लोक ती चक्क प्यायचे. उन्हाळ्यात शोचू घालून विहिरीत गार केलेल्या मिरिनला क्योतो-ओसाकाकडच्या कानसाई भागात यानागिकागे म्हणायचे.

प्यायची होती तेव्हा ठीक, पण आता ती सोया सॉसमध्ये जाते, तेरियाकीत नितळपणा कोणाला दिसणार, हा प्रश्न उमेदवाराच्या ओठांवर येतोच. तोजींना विचारू नका. उत्तर असं की गिऱ्हाईक मिरिन आधी बाटलीत बघतं आणि मग कढईत ओततं. शिवाय कानसाईतल्या स्वयंपाकात फिकट रस्से असतात. आणि नववर्षाला मसाले घालून ओतोसो करतात तेव्हा ती पेल्यात दिसतेच.

बाटली भरल्यावर

तापवून एन्झाइम थांबवल्याशिवाय भरू नका. जिवंत राहिलेली एन्झाइम तुमच्या गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरातही काम चालू ठेवतात, आणि स्टार्च लावून दाट केलेला रस्सा जेवणाच्या टेबलावरच पातळ होतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका, खडे बसतील. बसलेच तर कोमट पाण्यात उभी करा, विरघळतील.

पिळून उरलेला चोथा फेकायचा नाही. ओलसर, पांढरट, भुरभुरीत, शेवभाजीतल्या शेवेइतका भुसभुशीत हा चोथा कोबोरे-उमे या नावाने विकला जातो आणि कानसाईत लोक तो गोड म्हणून नुसता खातात. दोन महिने अंगण झाडल्याबद्दल तुमच्या वाट्याला एक वाटी येईल. चवीला तो बाटलीतल्या मिरिनपेक्षा सरस लागू शकतो, कारण त्याच्यावर कोणी काकीशिबू चालवलेली नसते. पोटभर खा, पण खाऊन लगेच सायकलसुद्धा चालवू नका. त्यात मद्यार्क आहे, आणि जपानात दारू पिऊन सायकल चालवणं हाही गुन्हाच आहे.